सूचना : आपली होडी पुन्हा पाण्यात

सर्व सभासदांसाठी,

दुरुस्तीसाठी वर काढलेली आपली शिडाची होडी येत्या रविवारी सकाळच्या भरतीला पाण्यात उतरवत आहोत. (हो, या वेळी नक्की. रंग वाळलाय, मी स्वतः बोट लावून पाहिलं.) मदतीला येणाऱ्यांनी भरतीच्या तासभर आधी यावे.

इतके महिने कोरड्यावर राहून फळ्या आकसल्या आहेत. काही सांध्यांत नखाचे टोक जाते. त्यामुळे सुरुवातीला पाणी झिरपणारच. घाबरून सांधे ठासून भरू नका. लाकूड फुगले की ते मिटतात, पण आधीच ठासले तर फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही. मात्र पहिले दोन दिवस-रात्र पंपाजवळ कोणीतरी हवेच. रात्रपाळीची नावे शनिवारपर्यंत कळवा. दिवसाची भरपूर आली आहेत!

तळाचे व्हॉल्व्ह उतरवण्याआधी बंद आहेत ना, हे दोघांनी वेगवेगळे पाहायचे. जस्ताच्या तुकड्यावर रंगाचा थेंबही नको. तो प्रोपेलरऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असतो. रंगवला तर खारे पाणी प्रोपेलरला खाते.

डोलकाठीच्या तारा नव्या आहेत, पहिल्या फेरीत त्या थोड्या सैल पडतील. म्हणून पहिली फेरी मंद वाऱ्यातच, लाइफ जॅकेट घालून. पाहुणे पुढच्या वेळी.