गंजावर लांबी फासू नका, पत्रा कापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाडीचा गंज घरच्या घरी कसा काढावा, यावर अर्ध्या पानाचा लेख आला होता. लेखक बहुधा घाटावरचे असावेत. गंज दिसेल तिथे पॉलिश पेपर मारा, रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) लावा, खड्डा लांबीने, म्हणजे पुटीने, भरा, वरून स्प्रेचा डबा फिरवा, की दोन सुट्ट्यांत गाडी नवी, असा एकूण सूर होता. पुण्यात किंवा साताऱ्यात हे दोन-चार वर्षं निभत असेल. आमच्या कोकण किनाऱ्यावरच्या पालशेतला हे म्हणजे गंजाला पांघरूण घालून गोड झोपवणं. तो आत निवांत पत्रा खात बसतो आणि आपण बाहेरच्या चकाकीवर खूश.

आमच्याकडे २००७ची मारुती ओम्नी आहे. माझा काजूगराचा छोटा धंदा, त्यामुळे बियांची पोती, डबे, काजू फोडायला येणाऱ्या बायका, सगळं याच गाडीतून. अधूनमधून शेजारणीच्या मासळीच्या पाट्याही चिपळूणला पोचवाव्या लागतात. शेजारधर्म मोडता येत नाही. त्या पाट्यांखालून बर्फाचं खारट पाणी ठिबकतं ते मॅटखाली जाऊन बसतं. वरून मॅट कोरडी दिसते, खाली पत्रा आठवडाभर भिजलेला.

लेखात एक गोष्ट मुळातच सुटली आहे. किनाऱ्यावर गंज यायला पाऊस लागत नाही. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतलीच ओल ओढून घेतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचं क्लोराइड असतं, ते तर त्याच्याही कितीतरी आधी ओलं होतं. जाडं मीठ पावसाळ्यात बरणीत कसं सुटतं हे आमच्याकडच्या प्रत्येक घरात माहीत आहे. तेच मीठ दाराच्या आत, चाकावरच्या पत्र्याच्या दुमडीत बसलेलं असतं. म्हणजे चैत्रातल्या उन्हात गाडी उभी असली तरी तिच्या सांध्यांत ओल असते. शिवाय खारं पाणी विजेला वाट देतं, आणि लोखंडाचा गंज हा शेवटी विजेचाच खेळ. एका ठिकाणचं लोखंड झिजतं, शेजारी प्राणवायू आणि पाणी खपतं, मधे खारट ओल असली की हे काम भराभर होतं. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून रंगाला फोड येतो. तो फोड म्हणजे रोगाची सुरुवात नव्हे. आतला पत्रा खाऊन झाल्यावर तो बाहेर दिसतो.

म्हणून आमच्या गाड्यांचा गंज आतून बाहेर येतो. दाराच्या तळाला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. माती, पालापाचोळा, माझ्या गाडीत काजूचा भुसा, यांनी ती बुजली की दार म्हणजे पाण्याचं भांडं. ओम्नीच्या सरकत्या दाराची खालची पन्हळ तशीच. पुढच्या काचेच्या रबराखालची जागा तशीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारांच्या खाली लांबलचक बंद पोकळ पत्रा असतो तो. गॅरेजवाले त्याला सिल म्हणतात. गाडीची ताकद त्यात असते आणि आत डोकावायला जागा नसते.

पहिल्या पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायचं म्हणून आम्ही ही गाडी तालुक्यातल्या एका गॅरेजात टाकली होती. डेंटिंग-पेंटिंग करून गाडी इतकी गुळगुळीत आली की यजमान तिच्यात पाहून भांग पाडत होते. पुढल्या दोन पावसाळ्यांत उजव्या सिलवर तडा गेला. पेचकस लावला तर लांबीचं ढेकूळच निघालं, आणि त्यामागे कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. संपादक महोदय, तो अंक आपलाच होता. कृषीविषयक पान होतं, आंब्यावरच्या तुडतुड्यांचं. तुडतुडे वाचता येत होते, पत्रा मात्र शिल्लक नव्हता. आपला मजकूर इतका टिकाऊ असल्याबद्दल अभिनंदन.

तेव्हापासून हे काम आम्ही अंगणातच करतो. पुतण्या आयटीआय झालेला वेल्डर आहे, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, रविवारी येतो. "काकी, तू पुठ्ठा काप, टाके मी मारतो," अशी आमची वाटणी. लेख वाचून कुणी ब्रश हातात घेण्याआधी आमच्या हातून जे गेलं आहे ते सांगते.

आधी गाडी कुठे खरी आणि कुठे खोटी ते पाहावं. लहान मुलं खेळतात तो लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या भागावरून, चाकांच्या कमानींवरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी आहे. बोटाच्या पेराने वाजवूनही कळतं. मग पेचकसाचं टोक दाबावं. आत गेलं तर गेलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. ते भोक तुम्ही पाडलेलं नाही.

भोकाच्या कडेला पॉलिश पेपर घासत बसणं व्यर्थ आहे. रंगाखाली गंज दिसतो त्याच्या पुढेही पसरलेला असतो. चांगला, जाड, पांढरा पत्रा लागेपर्यंत कापावं. नवं ठिगळ आधी पुठ्ठ्याचं करावं, गाडीवर बसवून पाहावं, मग पत्र्यावर आखावं. कोपरे गोल ठेवावेत. हार्डवेअरच्या दुकानात ०.८ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा मिळतो, ओम्नीसारख्या गाडीला तो बरा. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा मोह पाडतो, कारण तो गंजत नाही असं वाटतं. पण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. तो वापरायचाच तर कडेचं जस्त घासून काढावं, उघड्यावर काम करावं आणि वाऱ्याकडे पाठ करावी.

आता वेल्डिंग. आमच्या भागात वेल्डिंगवाला म्हणजे खिडक्यांच्या ग्रिल करणारा. माणूस हुशार असतो, पण त्याचं मशिन काडीचं, म्हणजे वेल्डिंग रॉडचं. काडीच्या वेल्डिंगने इतक्या पातळ पत्र्याला जोड न बसता नवी भोकंच पडतात. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग, म्हणजे बारीक तार आणि वायूवर चालणारं, हवं, तेही एका ओळीत नाही. इथे एक टाका, तिथे एक, मग मधे. सरळ ओढत गेलात तर पत्रा तापून वाकतो. ज्यांच्या घरात पुतण्या नाही त्यांनी कापणं, घासणं, ठिगळ करणं घरी करावं आणि टाक्यांपुरती गाडी जाणत्याकडे न्यावी. मजुरी निम्म्याने वाचते आणि आत वर्तमानपत्र जात नाही. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला बारीक भोक असेल तर रिव्हेट आणि सीलंटवर भागेल. पण सिल, सीटबेल्ट बसवलेली जागा, स्प्रिंग-शॉकअपच्या बैठका इथे फायबर, लांबी, रिव्हेट काहीही चालणार नाही. तिथे पत्र्याला पत्राच. गाडी आपटली तर माणूस त्याच पत्र्यावर आपटतो.

लेखात बॅटरीची वायर काढण्याचा तर उल्लेखच नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. सीटचा फोम, मॅट, वायरींचे जुडगे बाजूला करावेत. आणि पेट्रोलची टाकी व तिची नळी कुठून जाते ते गाडीखाली झोपून पाहिल्याशिवाय ठिणगी पाडू नये. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहणारे लोक मी पाहिले आहेत. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि भडका वाफेचा उडतो. पलीकडच्या बाजूला पाण्याची आणि वाळूची बादली घेऊन एक माणूस उभा हवा; पेट्रोल पेटलं तर पाणी नव्हे, वाळू. आमच्याकडे ती जागा यजमानांची.

रस्ट कन्व्हर्टर वाईट नाही. कुठे आणि कधी लावायचं हे मात्र सांगायला हवं. त्यात बहुधा फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. टॅनिनवालं लावलं की गंज निळसर काळा पडतो. आपले जुने लोक हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, ती हीच क्रिया. पण मीठ आत असताना हे काळं कवच वर चढवलं तर खालचं काम थांबत नाही. आधी तारेचा ब्रश, मग विहिरीचं गोडं गरम पाणी, पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी. बारीक खळग्यांत मीठ दडून राहतं, ते दोन-तीनदा धुतल्याशिवाय निघत नाही. पूर्ण वाळल्यावरच कन्व्हर्टर, आणि तोही उरलेल्या पातळ गंजावर. सुटणाऱ्या पापुद्र्यावर नव्हे.

यापुढचं सगळं घड्याळाशी आणि वाऱ्याशी बांधलेलं आहे. संध्याकाळी घासून पांढरा केलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो. म्हणून घासलं त्याच दिवशी प्रायमर. फाटकाला लावतो तो रेड ऑक्साइड फाटकालाच ठेवावा. गाडीला दोन डबे एकत्र मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर घ्यावा, आणि लांबी लागलीच तर ती या प्रायमरवर, पातळ, पत्र्याचा उंचसखलपणा मोडण्यापुरती. लांबी पाणी पिते. उघड्या पत्र्यावर फासलेली लांबी म्हणजे पत्र्याला कायमची ओल. ती पाणीपेपरने घासू नये, कोरडीच घासावी.

रंगाला आमच्याकडे दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस. त्यातही सकाळी दव सुकल्यावर, मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा असेपर्यंत. दुपारकडे खारा वारा फिरला की तो ओल्या रंगावर मीठ आणून टाकतो. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला तर त्यावर दुधाळ साय धरते, ती पॉलिश करूनही नीट जात नाही. श्रावणात स्वस्तात रंगवून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावं.

सगळ्यात महत्त्वाचं काम रंगानंतरचं, आणि त्यावर लेखात एक ओळही नाही. जोडलेल्या सिलमध्ये, दारांत, आतल्या बाजूने मेणाचा फवारा मारावा लागतो. नळी लावून आत सोडता येणारे डबे मिळतात. बाहेरून कितीही रंगवा, वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंग जळालेला असतो. तिथे पत्रा उघडाच राहतो आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. आमच्याकडे गाडीखाली काळं जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. त्याने पाणी लागत नाही हे खरं, पण रबरी बुश खराब होतात, पुढे रंग धरत नाही, आणि ते ठिबकून ज्या अंगणात जातं त्याच अंगणात आमची विहीर आहे. मला ते पटत नाही.

लेखाच्या शेवटी बॅटरीला जोडून गंज थांबवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची शिफारस आहे. आमच्या बंदरात नौकांच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात. जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. पण ते ठोकळे चोवीस तास खाऱ्या पाण्यात असतात, पाण्यातून प्रवाहाचं वर्तुळ पुरं होतं. गाडी हवेत उभी असते. तिथे त्या डबीला वर्तुळ कुठून मिळणार? तितक्या पैशांत मेणाचे डबे येतील.

इतकी मगजमारी कशाला, भंगारात द्या, असं मुलगी मुंबईहून फोनवर सांगते. ओम्नी कंपनीने २०१९ मध्ये बंद केली. सरकत्या दाराची, पोतीच्या पोती गिळणारी, गावातल्या कुठल्याही मेकॅनिकला उघडता येणारी दुसरी गाडी माझ्या बजेटात नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० आहे. आमची गाडी आता त्या टप्प्यावर येते आहे. इतके पैसे भरायचे तर पत्रा खरा हवा. नूतनीकरणाच्या तोंडावर किनाऱ्यावरच्या किती गाड्यांना लांबीचा लेप बसतो ते सगळ्यांना माहीत आहे. तपासणाऱ्या साहेबांनी खिशात एक लोहचुंबक ठेवला तर कागदपत्रांचा पुष्कळ खटाटोप वाचेल.

माझी मागणी दोन गोष्टींची. आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वेल्डर आणि शीट मेटलचे वर्ग चालतात, तिथल्या शिक्षकांकडून किनाऱ्यावरच्या गाड्यांबद्दल एक लेख लिहून घ्यावा आणि तो ऑक्टोबरात छापावा, म्हणजे लोकांना हंगाम मिळेल. आणि तोपर्यंत निदान बॅटरी आणि पेट्रोलच्या टाकीबद्दलची सूचना पुढच्या रविवारी त्याच पानावर ठळक द्यावी. लेख वाचून वेल्डिंग मशिन भाड्याने आणायला निघालेला एक जण तर आमच्याच वाडीत आहे. त्याला मी थांबवलं आहे.

कळावे,
आपली,
एक वाचक
पालशेत, ता. गुहागर, जि. रत्नागिरी

(नाव छापू नये. तालुक्यात गॅरेजं मोजकीच आहेत, आणि पंक्चर काढायला मला तिकडेच जावं लागतं.)