प्रॉमिनन्स म्हणजे प्रसिद्धी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली, 'प्रॉमिनन्स'च्या क्रमाने लावलेली शिखरांची यादी वाचली तेव्हाच लिहायला बसणार होते, पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर होता, राहून गेलं. काल त्या यादीवरचं एका वाचकाचं पत्र छापून आलं आणि आता गप्प बसवत नाही.

त्या वाचकांचा राग केरळमधल्या अनैमुडी शिखरावर आहे. 2695 मीटरची अनैमुडी यादीत 7135 मीटरच्या नून शिखराच्या वर कशी, ही हिमालयाची चेष्टा आहे, असं ते म्हणतात. त्यांची चूक मी निम्मीच धरते. उरलेली निम्मी आपली आहे. आपल्या अनुवादकाने 'प्रॉमिनन्स'चं मराठी 'प्रसिद्धी' केलं आणि वर स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं, की मुन्नारला पर्यटक जास्त जातात म्हणून अनैमुडी वरच्या क्रमांकावर आहे. आकडे बरोबर छापले आणि त्यांचा अर्थ मात्र बुडवला. अशी यादी वाचून कुणीही चिडेल.

प्रसिद्धीचा इथे काही संबंध नाही. एखाद्या शिखरावरून निघून त्याच्याहून उंच शिखराकडे जायचं, तर वाटेत कमीत कमी किती खाली उतरावं लागतं, तो हा आकडा. अनैमुडीहून उंच डोंगर गाठायचा तर थेट हिमालयाकडे जावं लागतं आणि त्यासाठी उत्तरेच्या मैदानात सुमारे 216 मीटर उंचीपर्यंत उतरल्याशिवाय वाट नाही. म्हणून तिचा आकडा 2479. नूनचा 2404. उलट गढवालमधलं अबी गामिन घ्या. उंची 7355 मीटर, म्हणजे नूनहूनही जास्त. पण शेजारी कामेत शिखर उभं आहे 7756 मीटरचं आणि दोघांमधली मीडची खिंड 7138 मीटरवर आहे. अबी गामिनच्या वाट्याला येतात 217 मीटर. यात ना हिमालयाचा अपमान आहे ना अनैमुडीचं कौतुक. कांचनजंगा 3922 मीटरनिशी आणि नंदादेवी 3139 मीटरनिशी याच यादीत अनैमुडीच्या कितीतरी वर आहेत, ते त्या वाचकांनी पाहिलेलं दिसत नाही.

मी अकोले तालुक्यात भूगोल शिकवते. आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून कळसूबाई दिसते. दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी हा विषय शिकवला. अभ्यासक्रमात नव्हता, मुलींनीच विचारलं म्हणून. पोषण आहाराच्या खोलीतून मोठी परात आणली, ओढ्याकाठची काळी माती भिजवून तिच्यात तीन डोंगर केले, एक उंच, त्याला चिकटून दुसरा आणि तिसरा बुटका पण लांब, एकटा. मग तांब्याने कडेकडेने पाणी सोडत गेलो. आधी बुटका डोंगर सुटा झाला. "बाई, बेट झालं!" पाणी थांबवलं, फूटपट्टी उभी धरली, पाण्यापासून टोकापर्यंत नऊ सेंटिमीटर. पुन्हा पाणी ओतलं. उंच डोंगराला चिकटलेला दुसरा काही सुटेना. परात काठोकाठ भरत आली तेव्हा कुठे मधली खाच बुडाली. मोजलं, दीड सेंटिमीटर. बुटक्याहून उंच डोंगर, आणि त्याचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच. मुलींनी या मापाला तिथल्या तिथे 'बेटाची उंची' असं नाव दिलं. अंदमानचं सॅडल पीक त्यांना लगेच उमगलं. 732 मीटर उंची, आकडाही 732च, कारण तिथे पाणी समुद्राने आधीच भरून ठेवलं आहे.

त्याच वर्गातल्या एका मुलीला मी सामान्यज्ञान स्पर्धेला नेलं. शेवटच्या फेरीत विधान आलं, 'दोड्डाबेट्टा हे दक्षिण भारतातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर आहे, बरोबर की चूक?' ती म्हणाली, चूक. परीक्षकांनी गुण कापला. तिने उभं राहून सांगितलं, की केरळमधलं मीसापुलीमला हे शिखर 2640 मीटर आहे आणि दोड्डाबेट्टा 2637. परीक्षक म्हणाले, आमच्या उत्तरसूचीत बरोबर असं आहे, खाली बस. मी नकाशापुस्तक घेऊन टेबलापाशी गेले. त्यांनी ते उघडूनही पाहिलं नाही. एका गुणाने पहिला क्रमांक गेला. परतीच्या जीपमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती, मग हळूच म्हणाली, "बाई, मी उगीच बोलले का?"

संपादक महोदय, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. उटीजवळचा दोड्डाबेट्टा दक्षिणेत दुसरा आहेच, पण उंचीने नव्हे, या दुसऱ्या मापाने. त्याचे 2256 मीटर, अनैमुडीच्या खालोखाल. कोणत्या मापाने दुसरा, एवढा एक शब्द प्रश्नात असता तर त्या मुलीने बरोबर उत्तर दिलं असतं.

हा फरक मला पुस्तकातून नाही कळला, एसटीएवढ्या जुनाट बसमध्ये कळला. चौदा वर्षांपूर्वी आम्ही उटीहून मुन्नारला गेलो. उटीला सकाळी अंगात स्वेटर, कानाला मफलर. घाट उतरताना कानात दडे बसले, मेट्टुपालयमला येईतो स्वेटर पिशवीत गेले आणि कोइमतूरला सगळे घामाघूम होऊन लिंबू सोडा पीत होतो. दुपारी उडुमलपेटवरून पुन्हा चढण लागली आणि मुन्नारला पोचताना अंधारात तेच स्वेटर शोधत होतो. दोड्डाबेट्टाची निलगिरी आणि अनैमुडीची अनैमलाई या डोंगररांगांमध्ये पालघाटची खिंड आहे हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते, पण त्या दिवशी ती अंगावरून गेली. मीसापुलीमला मात्र अनैमुडीच्याच बाजूला, मुन्नारच्याच डोंगरांत. तिथून अनैमुडीकडे जायला मैदानात उतरावं लागत नाही, म्हणून तीन मीटरने उंच असूनही ती या यादीत दोड्डाबेट्टाच्या जवळपास येत नाही.

मराठीत शब्द नाही अशी सबब आपले उपसंपादक सांगतील. शाळेतल्या प्रत्येक मुलाने उठावाचा नकाशा पाहिलेला असतो. 'उठाव' म्हणा आणि खाली एका ओळीत अर्थ द्या. किंवा आमच्या मुलींचा शब्द घ्या, आमची काही हरकत नाही.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. गेल्या नवरात्रात आपण कळसूबाईच्या यात्रेची बातमी दिली, त्यात शिखराची उंची 1646 फूट छापली. ते 1646 मीटर आहेत, म्हणजे 5400 फूट. बारीपासून लोखंडी शिड्या चढून देवीला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या पायांना विचारा, फूट की मीटर. मी तेव्हाही पत्र पाठवलं होतं. छापलं नाही, ते एक वेळ चालेल, पण दुरुस्तीही आली नाही आणि आता माझ्या वर्गातल्या दोन मुलांनी प्रकल्पवहीत आपलं कात्रण चिकटवून 1646 फूट असंच लिहिलं आहे. छापलेलं आहे म्हटल्यावर ती माझं तरी का ऐकतील?

दोन्ही दुरुस्त्या येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापाव्यात, अशी विनंती आहे. ती मुलगी आता नववीत आहे. कात्रण तिच्याच हाताने वर्गाच्या फळ्याशेजारी लावून घेणार आहे.

आपली,
एक भूगोल शिक्षिका, ता. अकोले