चर्चा जास्त म्हणजे पसंती जास्त?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालींत कोण पुढे, हे सांगताना हल्ली इंटरनेटवर कुणाबद्दल किती बोलले जाते याचा आकडा पुढे केला जातो. हा हिशेब मला मुळीच पटत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. माझा २०१६ सालचा लॅपटॉप ठणठणीत होता, पण त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नव्हता. म्हणून लिनक्स टाकले. पहिल्याच संध्याकाळी वायफाय गायब! ऑनलाइन विचारल्यावर एका अनोळखी माणसाने एक कमांड दिली आणि म्हणाला, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) जे उमटेल ते जसेच्या तसे इथे पेस्ट करा. त्या ओळींत वायफाय चिपचे नाव सापडले. फोन केबलने जोडून फोनच्या इंटरनेटवर ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, उतरवून घेतला आणि काम झाले. त्या आठवड्यात मी अकरा प्रश्न विचारले. त्यानंतर एकही नाही, कारण काही अडलेच नाही. मोजणाऱ्याच्या लेखी मात्र मी तेव्हा लिनक्सवाला होतो आणि आता गळालो.

उलटही घडते: वापर भरपूर, पण चर्चेत दिसत नाही. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे, पण फोन अडला की माणूस अँड्रॉइडबद्दल विचारतो. मॅकचे यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची, त्यामुळे ड्रायव्हरची भानगड मुळातच कमी. आणि कचेरीत विंडोज वापरणारा शेजारच्या आयटीवाल्याला हाक मारतो. त्याची नोंद कुठे होणार?

चर्चेतून कळते ते वेगळेच. विंडोजच्या प्रश्नांना बरेचदा 'रीस्टार्ट करा, नाहीतर पुन्हा इन्स्टॉल करा' असे उत्तर मिळते, कारण आतला कोड उत्तर देणाऱ्यालाही दिसत नाही. लिनक्सचा कोड खुला, म्हणून बोलणे दोषाच्या मुळापर्यंत जाऊ शकते. पण तिथेच नवख्याला 'आधी मॅन्युअल वाच' म्हणून झिडकारलेलेही मी पाहिले आहे. वायफायसाठी धडपडणाऱ्या माणसाला असे हाकलून द्यावे, याचे मला फार वाईट वाटते. किती माणसे त्या एका वाक्यामुळे परत गेली असतील!

लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये मिनिक्स या दुसऱ्या एका प्रणालीच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे तेव्हाच्या ऑनलाइन चर्चागटावर, आपल्या प्रणालीची पहिली वर्दी दिली, तीही निव्वळ छंद म्हणून. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी तिथेच लिनक्स कालबाह्य असल्याचे ठणकावले. त्या वादाच्या लांबीवरून तेव्हा कुणाला काय भाकीत करता आले असते? मुद्दे मात्र आजही वाचण्यासारखे आहेत.

म्हणून विनंती एवढीच, की यापुढे अशी तुलना छापताना आकड्याशेजारी लोकांनी नेमके काय विचारले आणि त्यातल्या कितींची अडचण सुटली, हेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक