शेडमधल्या काकांना, त्या न घेतलेल्या लाल विंगबद्दल

काका, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. वाचलंत तर वाचलंत.

मी कामशेतला पॅराग्लायडिंगचे पहिले दोन कोर्स, पी-1, पी-2, करून जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि डोक्यात हवा गेलेली. दिवाळीचा बोनस कोर्समध्येच संपला, पण स्वतःची विंग, म्हणजे ज्याला लटकून उडायचं ते कापडी पंख, हवीच होती, आणि ऑनलाइन एक लाल विंग मिळत होती पस्तीस हजारात, बारा वर्षं जुनी पण फोटोत एकदम चकाचक. विकणाऱ्यानं दोन दिवस बघायला दिली, मी ती बॅग पाठीला मारून कासारवाडीला लोकल पकडली आणि थेट तुमच्याकडे, खरं सांगायचं तर सल्ला घ्यायला नाही, मिरवायला.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. शेडच्या दारात उन्हात एक घडी उघडलीत, वरचं कापड ओठांना लावलंत, माझा हात पलीकडे धरलात आणि फुंकर मारलीत. तळव्याला सरळ वारा लागला. मग तुमची जुनी निळी विंग काढून तेच केलंत, तुमचे गाल फुगले, कान लाल झाले, पण माझ्या हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. लाल विंगकडे बघत "ऊन खाल्लंय हिनं," एवढंच म्हणालात.

काका, मी कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन दहा-दहा मायक्रॉनसाठी पार्ट रिजेक्ट करणारा माणूस, आणि ज्याच्या जिवावर लटकायचं ते कापड मी नुसतं फोटो बघून पास केलं होतं! घरी अजून सांगितलेलं नाही हे.

नंतर चहा पिताना तुम्ही समजावलंत की विंगमध्ये ना बांबू ना पाइप, पुढच्या तोंडांतून शिरलेली हवाच तिचा आकार धरून ठेवते, कापडातून हवा झिरपायला लागली की टेकऑफला ती डोक्यावर यायलाच आळस करते आणि वर गेल्यावर कधी कधी पुढे उडायचंच सोडून नुसती खाली बसत जाते. दोऱ्यासुद्धा वर्षानुवर्षांत कमीजास्त लांब होतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पण मला जास्त बरं वाटलं ते वेगळंच. स्वस्तात उडायचंय म्हणून तुम्ही हसला नाहीत. उलट सांगितलंत की हा खेळ सुरूच झाला काटकसरीतून, 1978 साली फ्रान्समधल्या काही पॅराशूटवाल्यांना विमानाचा खर्च वाचवायचा होता म्हणून ते मिउसी गावच्या डोंगरावरूनच पळत सुटले. विमानाच्या खाजगी लायसन्सला कमीत कमी 40 तास उडावं लागतं आणि तासाचा रेट ऐकला की आपल्यासारख्याची तिथेच लँडिंग होते. मी त्याआधी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला बिनइंजिनाच्या ग्लायडरमध्ये एकदा बसून आलो होतो, विंचनं दोरी खेचली आणि पोट मागेच राहिलं, चसका तिथलाच.

मग ती निळी विंग तुम्ही मला वापरायला दिलीत. वर्षभर. डिपॉझिट नाही, भाडं नाही, अट एकच, डोंगरावर न्यायची नाही. भात कापलेल्या खाचरात दर रविवारी ती डोक्यावर उभी धरायची, पडली की परत, दोऱ्या सोडवा, परत, आणि बांधावर बसलेली पोरं मोठमोठ्यानं मोजायची किती सेकंद टिकली ते. मी वैतागून विचारलं होतं की उडायचं कधी, तर तुम्ही शेंगा सोलत म्हणालात, "हिला न बघता धरता आली की." त्या वर्षात माझा खर्च म्हणजे लोकलचं तिकीट आणि वडापाव, आणि हो, हेल्मेट, ते मात्र तुम्ही नवंच घ्यायला लावलंत.

शेवटी चार वर्षं जुनी, शिकाऊंसाठीची ईएन-ए विंग घेतली, चेकिंगचा रिपोर्ट बघून, आणि तरी तुम्ही एकदा फुंकलीतच. हार्नेस, म्हणजे बसायचा पट्ट्यांचा झोळा, आणि नव्यानं घडी घातलेलं रिझर्व्ह पॅराशूट धरून सगळं माझ्या बाईकपेक्षा थोडं कमीतच बसलं. व्हेरिओ, म्हणजे आपण वर चढतोय की खाली जातोय ते सांगणारं यंत्र, घेऊ का विचारलं तर म्हणालात, घारी फुकट आहेत, त्या कुठे गिरक्या घेतात ते बघ.

परवा टॉवर हिलवरून संध्याकाळी अकरा मिनिटं उडालो. मांडीचे पट्टे तीनदा चेक केले. समोर पवनेचं पाणी चमकत होतं, आणि कानात वाऱ्यापेक्षा तुमचं "बसू नको, पळत राहा" जास्त, पाय जमिनीवरून सुटले तरी मी हवेत पळतच होतो म्हणे, खालच्यांनी व्हिडिओ काढलाय.

रविवारी निळी विंग परत आणतोय. डाव्या टोकाला टेप दिसेल. करवंदीच्या जाळीत अडकली होती मार्चमध्ये, बोटभरच फाटलीय, तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. फुंकून बघा आणि बोला.

तुमचा,
भोसरीवाला