अकरावी प्रवेशाच्या फॉर्मचा भाग दोन (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू तावातावाने मामाकडे निघून गेलास तेव्हा दाखला आणि मार्कशीट टेबलावरच राहिली. दोन्ही या पाकिटात आहेत. दाखला कॉलेजात ओरिजिनलच जमा होतो, म्हणून प्रत्येकी चार झेरॉक्स काढून ठेवल्यात. फोनवर आपण दोघंही एकमेकांना पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

"चौऱ्याण्णव टक्के पडूनही आर्ट्स?" हे बाबांनी मामीच्या देखत म्हणायला नको होतं. मी गप्प बसले, तेही नको होतं. तू कला शाखा घे. हे मी खाली सही करून देते आहे असं समज. आणि गणिताचं नाव या पत्रात काढायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

एवढंच समजून घे की कोणता विषय मानाचा आणि कोणता कमी प्रतीचा, ही उतरंड विषयाच्या अंगातून आलेली नसते. ती दारांवरून ठरते. विज्ञान घेतलेल्याला पुढे कलेकडे किंवा वाणिज्यकडे वळता येतं, कलेतून विज्ञानाकडे वाट नाही. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. बी.ए.ला, पाच वर्षांच्या लॉला, सीए फाउंडेशनला मात्र कोणतीही बारावी चालते. म्हणजे सायन्सवाला तुमच्या अंगणात येऊ शकतो, तुम्ही त्याच्या अंगणात जाऊ शकत नाही. या एकेरी रस्त्यालाच लोक हुशारी म्हणतात. अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलाशी मी हे दर जूनमध्ये बघते. मुलाला काय आवडतं हे पालक विचारत नाहीत. "काय घेतलं म्हणजे सगळं ओपन राहील?" एवढंच विचारतात. बाबांचा प्रश्नही तोच होता, फक्त तोंडातून वेडावाकडा निघाला.

दुसरी गोष्ट मार्कांची. तुमच्याच वर्गात संस्कृत किती जणांनी घेतलं होतं, आठव. शंभर मार्कांचं पूर्ण, नाहीतर हिंदीबरोबर पन्नासचं संयुक्त. सगळे 'स्कोरिंग' म्हणून. निकाल लागला की जूनमध्ये तेच संस्कृत रद्दीत. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. एकेकाळी एवढा पहारा असलेली भाषा आता टक्केवारी चढवायची शिडी झाली आहे. अकरावी सायन्सला मराठीचंही तेच होतं. मराठी की आयटी असा पर्याय असला की मुलं मार्कांसाठी आयटीकडे जातात आणि बारावीला मराठीचा वर्ग ओस. आणि नागरिकशास्त्र! दहावीत इतिहासाबरोबर चाळीस मार्कांत कोंबलेलं, सगळ्यांनी ऑप्शनला टाकलेलं. तीच मुलं पदवीनंतर एमपीएससीसाठी राज्यघटनेची कलमं पाठ करतात.

कट-ऑफचंही तसंच. मुंबईत झेवियर्सच्या आर्ट्सची कट-ऑफ नव्वदीच्या वर असते. हे बाबांना सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले. तुला हसू येईल, पण खरं सांगते, गप्प बसले.

आर्ट्सच्या आतही पुन्हा पंगती आहेत. सध्या मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र पहिल्या पंगतीला, मग राज्यशास्त्र, मग इतिहास-भूगोल, आणि समाजशास्त्र, सहकार, गृहविज्ञान शेवटी. तर्कशास्त्राला कोणी विचारत नाही, आणि ते चांगलं शिकवलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. मानसशास्त्राची हवा आहे म्हणून ते घेऊ नकोस. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. प्रवेशाच्या वेळी हे कोणी सांगत नाही.

तुला पुरातत्त्व करायचं आहे, हे मी मनावर घेतलं आहे. डेक्कन कॉलेजात ते एम.ए.ला आहे, म्हणजे अजून पाच वर्षं. तोवर इतिहासाचा पाया पक्का कर. मोडी आत्ताच शीक, पुराभिलेख संचालनालय त्याचे वर्ग घेतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडून आहेत आणि ते वाचणारी माणसं थोडी. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. तोवर मोडी म्हणजे निवृत्त लोकांचा छंद होता. कोणत्या विषयाला कधी भाव येईल, सांगता येत नाही.

पण पुरातत्त्व म्हणजे नुसता इतिहास नाही, हे तुलाही माहीत आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उत्खनन १९६८ला सुरू झालं. तिथले लोक काय खात होते, काय पिकवत होते, हे हाडं आणि जळके दाणे तपासून कळलं. उत्खननात सापडलेल्या कोळशाचा काळ त्यातल्या कार्बन-१४वरून काढतात. हा कार्बन दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. उरलेल्यावरून वय काढायचं गणित तुझ्या बारावीच्याच पुस्तकात आहे, विकलक समीकरणांच्या धड्यात, किरणोत्सारी ऱ्हासाच्या उदाहरणांत.

झालं. काढलंच नाव.

आता काढलंच आहे तर ऐक. कला शाखेत गणित घेता येतं. इंग्रजी सक्तीचं, एक दुसरी भाषा, आणि चार ऐच्छिक विषय. त्या चारांत गणित व संख्याशास्त्र बसतं. बोर्डाचा विषय कोड ४०, कला आणि विज्ञान दोघांना एकच. ८८ घेऊ नकोस, ते आम्हा कॉमर्सवाल्यांचं. ऐंशी मार्कांची लेखी, वीसची प्रात्यक्षिकं. कोड ४० घेतलंस तर बारावीनंतर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची बी.स्टॅट.ची, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीची, प्रवेश परीक्षा देता येते, तिथे शाखा विचारत नाहीत, गणित आणि इंग्रजी विचारतात. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. उद्या पुरातत्त्व नको वाटलं तर हे दार उघडं असेल. बघ, मीही शेवटी दारांवरच आले.

अडचण कुठे येते, तेही सांगते. माहितीपत्रकात गणित छापलेलं असतं. जुलैत आठच मुलं निघतात आणि कॉलेज म्हणतं, बॅच होत नाही, समाजशास्त्र घ्या. किंवा गणिताचा तास सायन्सच्या तुकडीबरोबर ठेवतात आणि तो नेमका इतिहासाच्या तासावर आदळतो. म्हणून पसंतीक्रम भरायच्या आधी फोन कर, फॉर्म गेल्यावर नाही. विचार: आर्ट्सला कोड ४० मिळतं का, गेल्या वर्षी किती मुलांनी घेतलं, कोणत्या विषयाबरोबर त्याचा तास येतो, प्रात्यक्षिकं कोण घेतं. क्लार्क "मिळेल की" म्हणाला तर त्यावर विसंबू नकोस, विभागातल्या सरांना फोन द्यायला सांग. पोर्टलवर तू कॉलेज, शाखा आणि माध्यम निवडतोस, ऐच्छिक विषय प्रवेश घेताना ठरतात. सगळा घोळ तिथेच होतो.

दहा पसंती देता येतात, पण दहा भरायच्याच असं नाही. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या जागी ऐपत बघायला म्हणून एखादं मोठं नाव टाकू नकोस. जिथे चारही विषय मिळतात तेच पहिलं. २०२५पासून सगळ्या महाराष्ट्राची अकरावी एकाच ऑनलाइन यादीत आहे, तेव्हा पुण्यातलं कॉलेजही चालेल. मामीशी बोलले आहे, ती नाही म्हणणार नाही.

हे सगळं सूचनापत्रकासारखं झालं, मला कळतंय. रागावू नकोस. मला भीती कशाची वाटते, ते विचारलंस तर विलासकाकाची. बुद्धीला कुठे कमी होता तो? एम.ए.ला पहिला आला, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाला, आणि मग वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे, परीक्षा आणि सुट्टी लागली की हात कोरडे. लोक म्हणतात इतिहासाने त्याचं वाटोळं केलं. तसं नाही. कायमच्या जागा निघाल्या नाहीत, आणि त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं. दुसरं काही म्हणजे मी काय म्हणते ते तुला कळलं. आणि 'नाहीतर यूपीएससी आहेच' असं मनाशी धरू नकोस. तिथे एकूण २०२५ मार्कांत वैकल्पिक विषयाचे ५००, बाकी सगळं सामान्य अध्ययन, निबंध आणि मुलाखत. अभ्यासिकेत वर्षं कशी जातात हे काकाकडूनच ऐकलंयस.

परवा माळा झाडताना तुझा बुटांचा खोका सापडला. खापऱ्या अजून आहेत. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर, आणि आत वहीचा कागद: कुठे मिळाली, किती खोल, कोणती तारीख. दुसरीत होतास. खोली फुटपट्टीने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहिलीयस, आणि एका ठिकाणी खाडाखोड करून पुन्हा मोजलीयस. तो कागद मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि खोका माळ्यावर न ठेवता स्वतःच्या कपाटात ठेवला. काही बोलले नाहीत.

लॉगिनचा पासवर्ड बदललेला नाही, मी तपासलं. भाग एक लॉक आहे, त्यात आता काही करू नकोस. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, हे तीन तू लिहून गेलास. यादी मला पाठवायची गरज नाही. चौथा कोणता घेतलास, तेवढा एका शब्दाचा मेसेज कर.

तुझी,
आई