मड टायरची हौस

मा. संपादक,

पावसाळा आला की आमच्याकडे फोरबायफोरवाल्या (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्या गाड्यांच्या) पोरांना मड टेरेन, म्हणजे खास चिखलाच्या टायरची हौस येते, मीपण त्यातलाच, दुकानदार म्हणाला बिनधास्त घ्या आणि मी घेतले. आता चोर्ला घाटात ओल्या डांबरावर ब्रेक मारला की पोटात गोळा येतो आणि आवाज तर असा की बायको मागे बसून काय बोलते ते ऐकू येत नाही (हा फायदाच म्हणा). या टायरवरच्या रबरी ठोकळ्यांमधली फट मोठी असते, चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो, म्हणून सत्तरी तालुक्याच्या लाल मातीत ते भारीच, पण डांबराला टेकणारं रबर कमी पडतं ना. रोज फोंडा-पणजी करणाऱ्याला ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे चालणारे टायर पुरे. खडकाळ वाटेला टायरची बाजूची भिंत जाड बघा. वाळूत टायर बदलण्यापेक्षा हवा १५-१८ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरवली तर जास्त फरक पडतो, रस्त्यावर येताना परत भरायची. पण म्हणून किनाऱ्यावर गाडी घालू नका हं, गोव्यात त्याला बंदी आहे, तरी पर्यटकांच्या गाड्या दर सीझनला रुततातच आणि ढकलायला आम्हीच!

एक वाचक, फोंडा