वैशाखात कंट्रोलर चालता ठेवणाऱ्या सरांना

आदरणीय सर, सादर प्रणाम.

गेल्या वैशाखात रावेर तालुक्यातल्या आमच्या केळीच्या बागेतील ठिबकचा कंट्रोलर रोज दुपारी बंद पडे आणि ऊन उतरले की आपोआप सुरू होई. घड लागलेल्या मृगबागेला त्या दिवसांत पाण्याचा खंड सोसत नाही, म्हणून बोर्ड पिशवीत घालून मी जळगावला आपल्याकडे आलो. त्या भेटीबद्दल हे जाहीर आभार.

घरी तपासताना किती रिले (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे विजेवरचे स्विच) एकदम चालू केले होते, हे आपण सर्वांत आधी विचारलेत. मी एकच लावून पाहिला होता. शेतात मात्र चारही एकदम लागत आणि पाच व्होल्टच्या लाइनवर सुमारे ३०० मिलिअँपिअरचा भार येई. बॅटरीचे व्होल्टेज पाचावर आणणारा ७८०५ हा लिनियर रेग्युलेटर पाचाच्या वरचे सगळे व्होल्ट उष्णतेत घालवतो. बॅटरी १२ व्होल्टवर असताना ते २.१ वॅट होतात, पण भर उन्हात सौर पॅनेल तिला १४ व्होल्टपर्यंत चढवते तेव्हा २.७ वॅट होतात, आणि हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसेल तर दर वॅटला सुमारे ५० अंश तापमान वाढते, हे आपण माझ्याच वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलेत. बाहेर ४५ अंश असताना १५० अंशांच्या आसपास स्वतःला बंद करणारी ती चिप तिचे कामच चोख करत होती.

आपल्या सांगण्यावरून एलएम२५९६ हा स्विचिंग रेग्युलेटर बसवला; तो जास्तीचे व्होल्ट जाळत नाही, वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतो. बोर्ड गार राहिला, पण जमिनीचा वाफसा मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे नाचू लागले. तेव्हा आपण ऑसिलोस्कोपच्या (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची, स्वतःच गोंगाट पकडणारी लांब ग्राउंड वायर काढून टाकलीत, लहानशी स्प्रिंग लावलीत आणि रिपल, म्हणजे पुरवठ्यातला बारीक चढउतार, खरोखर किती आहे ते दाखवलेत. मी इनपुट कपॅसिटर चिपपासून दोन इंचांवर ठेवला होता. तो आपण पायांना लगटून लावायला सांगितलात, फीडबॅकचा (बाहेर पडणारे व्होल्टेज चिपला कळवणारा) ट्रॅक कॉइलपासून दूर नेलात आणि सेन्सरपुरता ३.३ व्होल्टचा छोटा लिनियर रेग्युलेटर पाच व्होल्टच्या पुढे जोडलात. तिथे भार जेमतेम २० मिलिअँपिअर, त्यामुळे उष्णता नगण्य. दोन्ही प्रकार एकाच बोर्डावर नांदू शकतात, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

यंदाच्या मे महिन्यात चारही व्हॉल्व्ह भर दुपारी अखंड चालले. आता बागेच्या टोकाला बॅटरीवरचा सेन्सर लावायचा आहे, आणि ७८०५ नुसता बसूनही काही मिलिअँपिअर खातो, हे आपले वाक्य लक्षात आहे. आराखडा काढून दिवाळीनंतर येतो.

आपला कृतज्ञ,
रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक